अलार्म बंद

सकाळपासून अलार्म तिसऱ्यांदा वाजला तेव्हा सव्वादोन झाले होते. ऋतुराज सर गाडीत बसायच्या बेतात होते. मी कंट्रोल रूममधून पळत बाहेर आले आणि म्हणाले, "सर, क्लोरीनचा परत चालू झाला."

"अगं योगिनी, तो सेन्सर मेलाय. मेलेल्या माणसाचं काय ऐकतेस?"

"दोनदा मी अमोनिया लावून बघितलं. गळतीचा पांढरा धूर नाही आला. आता बाटली संपलीय. स्टोअरवाला जेवायला गेलाय."

"मग झालं तर. दोनदा नाही आला, तिसऱ्यांदा कुठून येणार? बायपास टाक. चार वाजता ठाण्याला रिव्ह्यू आहे. मोठ्या पडद्यावर प्लांट लाईव्ह दाखवायचाय मला. तिथे लाल चौकोन दिसला तर मी तोंड कुठे लपवू?"

गाडी गेली. मी आत आले आणि बायपासची चावी फिरवली. भोंगा गप्प झाला.

आमचा प्लांट कल्याणच्या पुढे, उल्हास नदीच्या काठावर. नदीचं पाणी उचलायचं, गाळायचं, त्यात क्लोरीन सोडायचं, शहराला पाठवायचं. पाच-सात लाख माणसं ते पाणी पितात. क्लोरीन येतो टोनरमध्ये. टोनर म्हणजे आडवं ठेवलेलं लोखंडी पिंप, एकेकात नऊशे किलो. हा गॅस हवेपेक्षा जड. तो वर जात नाही, जमिनीलगत सरपटतो. छातीत गेला की आत पाणी सुटतं आणि माणूस कोरड्या खोलीत बुडून मरतो. हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये एका तासात शिकवलं आणि त्यानंतर चहा-समोसा दिला.

हा गॅस सुटला तर काय, याचा विचार डिझाईन करणाऱ्यांनी केला होता. नव्हता केला असं मी म्हणणार नाही. टोनरच्या खोलीत जमिनीपासून वीतभर उंचीवर सेन्सर बसवला होता. गॅस लागला की भोंगा वाजणार, गॅस ओढून, त्याला मारणाऱ्या कॉस्टिकच्या टाकीत नेणारा ब्लोअर आपोआप सुरू होणार आणि स्क्रीनवर त्या खोलीचा चौकोन लाल होणार. पण तिन्ही कामं एकाच सेन्सरवर आणि सेन्सर एकाच चावीवर. चावी फिरवली की भोंगा मेला, ब्लोअर मेला आणि चौकोन हिरवा. पिवळा नाही, करडा नाही. हिरवा. म्हणजे ज्या क्षणी खोली आंधळी होते, त्याच क्षणी स्क्रीन सांगते की सगळं उत्तम चाललंय. सेन्सरची मुदत वर्षापूर्वी संपली होती. नवा मागवा म्हणून मी तीन वेळा लिहून दिलं. आदल्या दिवशी नवा टोनर जोडून ठेवला, जुना रात्री संपल्यावर चालू करायला, तेव्हा सांध्यात शिशाचा नवा वॉशर हवा होता. तोही स्टोअरला नव्हता. जुनाच ठोकून सपाट केला आणि लावला. मी तिथेच उभी होते. मी गप्प बसले.

तीन वाजता माझी शिफ्ट संपते. पुढची शिफ्ट पोपट भोईरांची. पोपटकाका शेजारच्या गावचे. प्लांटच्या भिंतीला लागून त्यांचं घर. प्लांटखाली जमीन गेली, बदल्यात नोकरी मिळाली. बावीस वर्षं झाली, अजून कंत्राटीच. घरी पुतणीचा साखरपुडा होता, म्हणून दहा मिनिटं उशीर होईल असं त्यांनी सकाळीच सांगितलं होतं. आणि कंपनीची बस तीनच्या ठोक्याला सुटते. एरवी आम्ही समोरासमोर चार्ज देतो. त्या दिवशी मी रजिस्टर लिहिलं, टेबलावर उघडं ठेवलं आणि बस पकडली.

बहिणीच्या मुलीचा, सान्वीचा वाढदिवस होता. बस भिवंडी-कशेळीवरून ठाण्याला जाते, त्यामुळे मी थेट बाळकुमला उतरले. रचनाचा फ्लॅट एकोणिसाव्या मजल्यावर. साडेचार वाजले होते. रचना हॉलमध्ये फुगे चिकटवत होती, सान्वी आंघोळीला बसायची होती.

सान्वी बाथरूममधून ओरडली, "आई, गीझर बंद आहे!"

"बंद आहे म्हणजे? बिघडलाय, का बटण बंद आहे?"

"बंद आहे!"

"अगं गाढवे, आपोआप बंद पडलाय का कुणी बंद केलाय? नीट सांग ना!"

माझ्या हातात केकचा डबा होता. तो मी खाली ठेवला. ठेवला म्हणजे, खाली गेला.

रजिस्टर डोळ्यांसमोर आलं. माझंच अक्षर. ११.२० अलार्म चालू. ११.३५ अलार्म बंद. १२.४० चालू. १२.५५ बंद. २.१५ चालू. २.३० बंद. पहिल्या दोन वेळी तो आपोआप थांबला होता. तिसऱ्यांदा मी त्याचा गळा दाबला होता. आणि तिन्ही वेळा मी एकच शब्द लिहिला होता. वाचणाऱ्याला काय कळणार? अलार्म वाजला, थांबला. वाजला, थांबला. वाजला, थांबला. काळजीचं कारण नाही.

दुसरे ऑपरेटर रजिस्टर उघडतसुद्धा नाहीत. पोपटकाका ओळीखाली बोट ठेवून शब्दन् शब्द वाचतात आणि त्यावर विश्वास ठेवतात. रोज साडेपाचला संध्याकाळचा डोस वाढवायला टोनरच्या खोलीत जावं लागतं. काका मास्क न लावता जाणार, कारण अलार्म बंद. आणि काकांना कोविडपासून वास येत नाही. ते स्वतःच त्यावर विनोद करतात, "बाय, माज्यासमोर सुकट भाज नाय तर गुलाब धर, मना सारकाच."

"ताई, काय झालं? चक्कर आली का?" रचनाने विचारलं.

"फोन दे. माझी बॅटरी संपत आलीय. फोन दे आधी!"

पोपटकाकांचा फोन वाजत राहिला. वाजणारच. फोन गेटवरच्या पेटीत जमा करावे लागतात. मागच्या वर्षी कुणीतरी गाळाने भरलेल्या फिल्टरचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला, तेव्हापासूनचा हा नियम. फिल्टर साफ झाला नाही, फोन जमा झाले. गेटवरचा गार्ड पेटीतले फोन उचलत नाही. त्याचा स्वतःचा नंबर माझ्याकडे नाही, कारण एक तारखेला एजन्सी बदलली. कंट्रोल रूमची लँडलाईन रस्ता खोदताना तुटली त्याला दोन महिने झाले. ऋतुराज सरांना अकरा कॉल केले. अकराव्याला त्यांनी कट करून मेसेज टाकला, "In review." गळती आहे याची खात्री मलाच नव्हती, फायर ब्रिगेडला सांगणार काय?

चार त्रेपन्न.

रिव्ह्यूत प्लांट पडद्यावर होता, तिथून काहीतरी करता आलं असतं. रिव्ह्यू कुठे होता ते मला माहीत होतं. घोडबंदर रोडवर, मानपाड्याच्या अलीकडे, कंपनीचं काचेचं ऑफिस. बाळकुमहून तीन किलोमीटर. प्लांट तीस. मी चपला अडकवून निघाले. रचना मागून लिफ्टपर्यंत आली, "अगं पण काय झालं ते तरी सांग!" दरवाजा लागला.

रिक्षा मिळाली आणि दोनशे पावलांवर अडकली. घोडबंदरला कंटेनर आडवा झाला होता. तो रोज कुठे ना कुठे आडवा होतो.

"ताई, वीस मिनिटं धरून चला," रिक्षावाला म्हणाला.

वीस मिनिटं माझ्याकडे नव्हती. मी उतरले आणि पळत सुटले. चाळीस वर्षांची बाई कंपनीच्या युनिफॉर्ममध्ये गाड्यांमधून पळतेय, लोक काच खाली करून बघत होते. एकाने विचारलं, "मॅडम, ट्रेन सुटली का?" पळताना मी काकांना शिव्या घालत होते. रजिस्टर वाचायची काय गरज होती तुम्हाला? मग स्वतःला. चार शब्द जास्त लिहिले असते तर शाई संपली असती का? 'मी चावी फिरवली आहे.' एवढंच. पण ते लिहिलं की पुरावा झाला असता. सरांनी सांगितलं असंही लिहावं लागलं असतं. म्हणून हात आपोआप तिकडे गेला नाही. हे खरं आहे आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ऑफिसच्या रिसेप्शनवरच्या मुलीने अडवलं. मी तिला ढकललं. पाच वाजून अठरा मिनिटांनी मी मीटिंगच्या खोलीचं दार उघडलं.

एसीची थंडी. टेबलाभोवती सहाजण. भिंतीवर मोठा पडदा आणि त्यावर आमचा प्लांट. पंप, टाक्या, फिल्टर. डावीकडे चार कॅमेरे. सगळं हिरवंगार, भातशेतीसारखं. कोपऱ्यात मोठ्या अक्षरात, "उपलब्धता ९९.६ टक्के", म्हणजे महिन्यात प्लांट किती वेळ न थांबता चालला.

"योगिनी?" ऋतुराज सर उभे राहिले. "तू इथे काय करतेस? काय अवतार हा?"

"सर, काकांना कळवा. टोनर रूममध्ये जाऊ नका म्हणावं. मी बायपास टाकलाय ते त्यांना माहीत नाही."

"अगं, मग काय झालं? सेन्सर खराब आहे. बस, पाणी पी."

मी पाणी प्यायले नाही. मी पडद्याजवळ गेले. प्लांटवर बारा वर्षं काम केलेल्या माणसाला रंग बघायची सवय नसते, आकडे बघायची असते. टोनर वजनकाट्यावर ठेवलेला असतो. अडीचला मी वाचलं तेव्हा आकडा होता आठशे बारा. डोस तासाला आठ किलो. म्हणजे आता सातशे एकोणनव्वद हवे होते.

पडद्यावर सातशे सत्त्याहत्तर होते.

"बारा किलो कुठे गेले?" मी विचारलं.

सरांनी समोरचा लॅपटॉप जवळ ओढला.

"सर, बारा किलो कुठे गेले? पाण्यात गेले नाहीत. मग कुठे गेले?"

टेबलाच्या टोकाला बसलेल्या एक बाई उठल्या. विनिता मॅडम. प्लांटचं डिझाईन त्यांच्या फर्मचं. मी त्यांना एकदाच पाहिलं होतं, नव्या टोनर रूमच्या उद्घाटनाला. त्या पडद्यापाशी आल्या, चष्मा वर सरकवला.

"काट्याची चूक असेल," ऋतुराज सर म्हणाले. "दमट हवा आहे, काटा सरकतो कधीकधी."

आकडा बदलला. सातशे शहात्तर.

"हा चौकोन हिरवा का आहे?" विनिता मॅडमनी विचारलं. खूप हळू.

"बायपासला तो हिरवाच होतो मॅडम," मी म्हणाले. "तुम्हीच केलाय तसा."

त्यांनी विचार केला नव्हता असं नाही. त्यांनी एवढंच धरलं होतं की कुणी बायपास टाकणारच नाही. कागदावर कुणी टाकत नाही. कागदावर वॉशरही नेहमी नवाच असतो.

"साइटला फोन लावा," त्या म्हणाल्या.

"कुणाला?" मी म्हणाले. "फोन पेटीत आहेत."

तेव्हाच तिसऱ्या कॅमेऱ्यात पोपटकाका आले. पांढरा शर्ट, साखरपुड्याचाच असणार, बदललेला नव्हता. कंट्रोल रूमच्या पायऱ्या उतरले. उतरताना हात मागे बांधलेले, नेहमीसारखे. पाच चोवीस. ते कधी एक मिनिट उशिरा जात नाहीत. लवकर जातात.

कंट्रोल रूमपासून टोनरच्या खोलीपर्यंत नव्वद पावलं. मी मोजलेली आहेत. आवाज नव्हता. पडद्यावर एक म्हातारा माणूस शांतपणे चालत होता आणि आम्ही सातजण थंड खोलीत बघत होतो. एकाने तर, मला आठवतंय, बिस्कीट अर्धं खाऊन हातातच धरलं होतं.

"इथून काय करता येतं?" मी ओरडले. "ब्लोअर चालू करा इथून!"

"इथून फक्त बघता येतं," विनिता मॅडम म्हणाल्या. "सेफ्टीच्या गोष्टींना रिमोट दिलेला नाही. मुद्दाम. हॅकिंगच्या..."

"पंप? पंप तर इथून कमी-जास्त करतात. विजेचा दर बदलला की रोज करतात."

"पंपांचा गॅसशी काय संबंध?" ऋतुराज सर.

"पंप बंद करा. दोन्ही. पंपांची घरघर थांबली की ऑपरेटर असेल तिथून पॅनेलकडे पळतो. मरणाच्या दारातून पण पळतो. काका पळतील."

"वेडी झालीस का? दोन्ही पंप? शहराचं पाणी जाईल. परत प्रेशर यायला तास लागेल. वरून फोन येतील. मी कुणाच्या परवानगीने..."

काका पाण्याच्या टाकीजवळून वळले. पन्नास पावलं.

"परवानगी नंतर घ्या!"

"लॉगिन माझं आहे योगिनी. नाव माझं येणार."

त्यांचा हात लॅपटॉपवर होता आणि हलत नव्हता. तो वाईट माणूस नाही. मुलीच्या शाळेचा फोटो मोबाईलच्या मागे चिकटवून फिरतो. पण त्या क्षणी त्याला दोन गोष्टी दिसत होत्या, एक ९९.६ आणि एक पोपट भोईर, आणि त्याला वेळ लागत होता. काकांना वेळ नव्हता. तीस पावलं.

"खालच्या ओळीत, डावीकडून दुसरं बटण," विनिता मॅडम म्हणाल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, त्यांच्याकडे नाही.

मी लॅपटॉप ओढला. सरांनी माझं मनगट धरलं. मी चावले. होय, दातांनी. दुसरं बटण दाबलं. स्क्रीनने विचारलं, 'खात्री आहे का?' हो दाबलं. दुसऱ्या पंपाचं. 'खात्री आहे का?' कसली खात्री, भडव्यांनो. हो.

पडद्यावर दोन वर्तुळं हिरव्याची लाल झाली.

काका दारापाशी पोचले होते. उजवा हात कडीवर होता. कडी खाली झालेली दिसत होती. दार बोटभर उघडलं की नाही ते कॅमेऱ्यात कळत नव्हतं.

ते थांबले.

मान वळवली. ऐकलं. बावीस वर्षं जो आवाज कानात आहे तो नाहीसा झाला होता. मी मनात म्हणत होते, पळा, पळा, पळा. काकांनी कडी सोडली, एका हाताने डोळे चोळले, खोकल्यासारखे वाकले आणि पळाले. छप्पन्न वर्षांचा माणूस, साखरपुड्याच्या शर्टात, वाकडातिकडा पळत कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर गेला.

खोलीत कुणीतरी श्वास सोडला. मी सोडला नाही. कारण डोळे चोळले म्हणजे दार किलकिलं झालं होतं. भिंतीपलीकडे गाव होतं, गावात साखरपुड्याची माणसं. आणि नदीवरचा वारा संध्याकाळी गावाकडे वाहतो.

पंप बसले तर ऑपरेटरने गेटवर जाऊन साइट इनचार्जला, म्हणजे सरांना, फोन करायचा असतो. चार मिनिटं गेली. सरांचा फोन वाजला. तो मी घेतला.

"सायेब, दोनी पंप बसले. मी काय हात नाय लावला, आयशप्पत..."

"काका, मी योगिनी."

"तू? तू सायबाच्या फोनवं काय करतेस?"

"काका, टोनर लीक आहे. अलार्म मी चावीने बंद केला होता. तो थांबला नव्हता. मी बंद केला होता."

मग खोकला. लांब, ओला खोकला.

"म्हनून डोलं झोंबलं," ते म्हणाले. "मना वाटला कांद्यासारखा काय झोंबतंय. तू लिवलंस बंद, मी बोललो बंद."

"गार्डला गावात पाठवा. सगळ्यांना नदीच्या बाजूला न्या, वाऱ्याच्या उलट. फायर ब्रिगेडला इथून फोन करतोय. तुम्ही पण जा."

"आनि दरवाजा? कडी नीट लागली नाय बाय. आत ब्लोअर पन चालू नाय."

विनिता मॅडम माझ्या कानाशी आल्या. "खोलीच्या मागच्या भिंतीवर, बाहेरून एक स्विच आहे. हँडवर, म्हणजे हाताने चालवायच्या बाजूला, टाकला तर ब्लोअर चालू होतो. त्याला चावी लागत नाही. ते मी ठेवलं होतं. एवढं तरी ठेवलं होतं." त्या रडत होत्या. मला त्यांची दया आली नाही. नंतर आली.

काकांना ऐकू गेलं होतं.

"मागच्या भिंतीवं. ठावं हाय मना."

"काका, नको. ब्रिगेड येईल."

"कवा? कल्यानच्या पुलावं बग किती गारी हायत. माजी मानसं जेवतात तिकरं." मग, जरा थांबून, "फोन ठेवू नको. मी खिशान टाकतंय."

खिशात टाकलेल्या फोनमधून फक्त कापडाचा आवाज येतो. घासतोय, घासतोय. पावलं. मध्येच खोकला. मी स्पीकर लावला नाही. फोन कानाशी दाबून धरला. पडद्यावर मागच्या भिंतीचा कॅमेरा नाही. तिथे कधी कुणी जात नाही, म्हणून लावलेला नाही. सातशे पंचाहत्तर.

"योगिनी," ऋतुराज सर म्हणाले. मनगट रुमालाने दाबलेलं. "ब्रिगेडला कळवलंय. निघालेत." आणि मग, आवाज अजून खाली घेऊन, विनिता मॅडमना, "हे पंप थांबले ते... प्लॅन्ड मेंटेनन्समध्ये दाखवता येईल ना? नाहीतर महिन्याचा आकडा सगळा खाली येईल."

मॅडम माझ्या कानाकडे बघत होत्या.

पावलं थांबली. काहीतरी लोखंडी करकरलं. एकदा. दोनदा. खोकला, जोरात, मग ओकल्यासारखा आवाज. मी "काका" म्हणाले. कापडाला काय ऐकू जाणार? मी तरी म्हणत राहिले. काका, काका, काका.

मग दूरवर, खिशाच्या आत, घूं असा आवाज सुरू झाला. ब्लोअर.

"लागला," ते म्हणाले. दम नव्हता. "लागला गं."

"तिथून निघा. नदीकडे चाला. चालताना बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. आकडे मोजा. मला ऐकू येऊ द्या."

ते मोजायला लागले. एक. दोन. तीन. चारनंतर खोकला. पाच. आकड्यांमधली जागा वाढत होती आणि त्या जागेत मी काय काय बघितलं ते मला लिहिता येणार नाही. पडद्यावर ते दिसत नव्हते. सगळे चौकोन आपापल्या रंगात शांत बसले होते.

"माझा फोन दे," ऋतुराज सर म्हणाले. "वरून कॉल येतोय. मला घ्यावा लागेल."

"नाही."

"योगिनी, माझी नोकरी..."

"नाही देणार," मी म्हणाले. आणि कानात काका म्हणाले, अकरा.